पडदा पांढरा पडला, टिपा शाबूत होत्या
(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आम्ही मंगळवेढा तालुक्यातल्या एका ग्रामसंघाच्या तिघीजणी, अध्यक्ष, सचिव आणि लिपिका. आवाज एकीचा ऐकू येतोय, पण हे बोलणं कागदावर तिघींनी मिळून उतरवलंय, म्हणून 'आम्ही' म्हणतोय.

प्रभागसंघाच्या बैठकीला गेलं की हल्ली दोन-चार गटांच्या बाया आम्हाला बाजूला घेतात आणि विचारतात, "ताई, तुमचा कॉम्प्युटर पांढरा पडला होता म्हणे, तो नीट कसा झाला?" ज्या गावात ग्रामसंघाकडे कॉम्प्युटर आलाय, तिथं असलं काहीतरी होतंच. लिहिलेलं दिसेनासं होतं, बटण जागेवर सापडत नाही, अक्षरं एकमेकांवर चढतात. मग कुणीतरी शहाणा सांगतो, फॉरमॅट मारा. घरात उंदीर शिरला म्हणून कुणी घर पाडतं का? म्हणून ठरवलं, एकदा सगळं सविस्तर रेडिओवरच सांगू.

आधी आमच्याकडे काय होतं ते सांगतो. ग्रामसंघात चौदा गट आहेत. इतिवृत्त, रोकडवही, बचत-कर्जाचं रजिस्टर कागदावरच आहे आणि कागदावरच राहणार. पण बैठक चालू असताना भराभरा उतरवायच्या टिपा, कडक भाकरीची ऑर्डर किती, शेंगा चटणीत यंदा तिखट कोणतं घातलं, कुणाचा हप्ता का थांबला, असल्या गोष्टींसाठी आमची लिपिका कॉम्प्युटरवरचं टिपा लिहायचं एक ॲप वापरते. डावीकडे गटांच्या नावांची यादी. नाव दाबलं की उजवीकडे त्या गटाच्या टिपा. मराठीत टाइप होतं, शब्द टाकून शोधलं की सापडतं. दोन वर्षांपूर्वीची चटणीची ऑर्डर बघायला वह्यांचा ढीग उपसावा लागत नाही.

हुरड्याचे दिवस होते. संक्रांत आठवड्यावर आलेली, पुण्याहून बाजरीच्या कडक भाकरीची मागणी आलेली. सोमवारी सकाळी लिपिकेनं ॲप उघडलं तर डावीकडची यादी गायब, तिथं नुसता पांढरा पट्टा. उजवीकडे अक्षरं होती, पण टाइप केलेलं लगेच उमटेना. माउस हलवला की मग एकदम सगळं उमटायचं. पान खाली सरकवलं की वरच्या ओळी तिथंच चिकटून राहायच्या आणि खालच्या त्यांच्यावर चढायच्या, रांगोळीवरून कुणाचा पदर फिरावा तसं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला की पाच मिनिटं लख्ख. पुन्हा पांढरं.

एरवी आम्ही म्हटलं असतं, बघू दोन दिवसांनी. पण त्या टिपांतल्या एका नोंदीवर एका बाईचं सगळं अडलं होतं. आधल्या शुक्रवारच्या बैठकीत एका सभासद ताईचा हप्ता तीन महिने पुढं ढकलायचा ठराव झाला होता. तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालेलं, घरात कमावणारं दुसरं कुणी नाही. इतिवृत्ताचं रजिस्टर त्या दिवशी तपासणीला तालुक्याला गेलं होतं, ते मंगळवारी परत येणार होतं. म्हणून ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, सवलत कोणत्या महिन्यापर्यंत, हे लिपिकेनं ॲपमध्ये उतरवून ठेवलं. आणि सोमवारी पडदा पांढरा. दुपारपर्यंत गावभर "ग्रामसंघाचं सगळं उडालं" असं झालं. संध्याकाळी दोघीजणी येऊन म्हणाल्या, ठरावच सापडत नसेल तर तिच्याकडून या महिन्याचा हप्ता घ्यायचा का नाही ते सांगा. ती ताई शेजारीच बसली होती, मान खाली घालून.

लिपिकेला तर सगळ्यांचं एकच, "तूच काहीतरी दाबलं असशील." हे आम्हाला जरा बोलायचंय. ट्रॅक्टर बंद पडला तर म्हणतात ट्रॅक्टर बिघडला. मोटर जळली तर म्हणतात व्होल्टेज आलं नाही. बाईच्या हातात कॉम्प्युटर बंद पडला की तिनंच काहीतरी दाबलं. पोरगी दोन वर्षं बिनचूक काम करत होती, तिला त्या दिवशी माउसला हात लावायची भीती वाटायला लागली. बिघाड शोधताना हे आधी बाजूला ठेवावं लागतं, कारण घाबरलेलं माणूस आपण काय काय केलं ते नीट सांगत नाही आणि मग माग लागत नाही.

आता बिघाडाकडे. पहिला प्रश्न आम्ही स्वतःला असा घातला: लिहिलेलं गेलंय, का फक्त दिसत नाही? हे दोन वेगळे आजार आहेत. कणगीत धान्य आहे का, आणि कणगीचं झाकण उघडतंय का, यात जेवढा फरक आहे तेवढा.

टिपांची ॲप ढोबळ मानानं दोन तऱ्हेची असतात. काही ॲप प्रत्येक टीप साध्या मजकुराची वेगळी फाइल करून तुम्ही सांगाल त्या फोल्डरमध्ये ठेवतात. ऑब्सिडियन नावाचं ॲप या जातीचं. काही ॲप सगळ्या टिपा मिळून एका डेटाबेसमध्ये ठेवतात, जॉप्लिन हे तसलं. पहिल्या तऱ्हेत ते ॲप न उघडताही तुमच्या टिपा वाचता येतात. दुसऱ्या तऱ्हेत ॲपमधूनच 'एक्स्पोर्ट' करून प्रत काढावी लागते, आणि ती सगळं ठीक असतानाच काढून ठेवावी. तुमचं ॲप कोणत्या जातीचं आहे ते आज घरी गेल्यावर बघा, बिघडायची वाट बघू नका.

आमचं पहिल्या जातीचं. लिपिकेनं ॲप बंद केलं, डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमध्ये गेली, तर चौदा गटांचे चौदा फोल्डर जागच्या जागी. आत फायली, नावाच्या शेवटी टिंब आणि एमडी ही दोन इंग्रजी अक्षरं. शुक्रवारची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. ठराव अक्षर न् अक्षर होता. अध्यक्षांनी तो तिथंच मोठ्यानं वाचून दाखवला. आम्ही कोऱ्या कागदावर हातानं उतरवून त्यावर हजर असलेल्यांच्या सह्या घेतल्या. मंगळवारी रजिस्टर आलं तसा त्यात चढवला. ती ताई काही बोलली नाही, पण सगळ्यांसाठी चहा तिनंच ठेवला.

त्यानंतर पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवला, आणि तो पेन ड्राइव्ह अंगणवाडीच्या कॉम्प्युटरला लावून दोन फायली उघडून बघितल्या. हे दुसरं काम बरेच जण करत नाहीत. प्रत काढली म्हणतात, आणि गरज पडते तेव्हा पेन ड्राइव्ह उघडतच नाही. उघडून बघितलेली प्रत तेवढीच खरी धरायची. ती हातात आली की पुढचं सगळं निर्धास्त करता येतं, कारण आता काहीही बिघडलं तरी मजकूर जात नाही.

पण पडदा पांढराच होता. मजकूर वाचला म्हणून काम थोडंच होतं? संक्रांतीच्या ऑर्डरी नोटपॅडमध्ये एकेक फाइल उघडून बघायच्या म्हणजे डोकेदुखी. आणि खरं सांगायचं तर आम्हाला आता चीड आली होती, हे होतंय कशानं ते बघायचंच.

लिपिकेनं शंभर पानी वही घेतली. पानावर चार रकाने: वेळ, काय बदललं, काय दिसलं, किती वेळ टिकलं. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चटणी कडू झाली तर आपण काय करतो? शेंगदाणे, तिखट, लसूण, सगळं एकदम बदललं तर पुढची चटणी चांगली होईल, पण आधीची कशानं कडू झाली ते कधीच कळणार नाही. शेंगदाणे बदलून बघायचे, बाकी तेच ठेवायचं. इथंही तसंच.

वहीवरून आठवलं. कॉम्प्युटरच्या बिघाडाला बग म्हणतात, बग म्हणजे किडा. यंत्रातल्या दोषाला तसं म्हणायची रीत कॉम्प्युटरच्या आधीपासूनची आहे. पण 9 सप्टेंबर 1947 रोजी अमेरिकेत हार्वर्ड मार्क टू नावाच्या खोलीभर मोठ्या कॉम्प्युटरमध्ये खराखुरा एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या मंडळींनी तो काढून नोंदवहीच्या पानावर चिकटपट्टीनं चिकटवला आणि शेजारी वेळ, यंत्राचा भाग, सगळं लिहून ठेवलं. त्या मंडळींबरोबर काम करणाऱ्या ग्रेस हॉपर बाईंनी ही गोष्ट पुढं सगळीकडे सांगितली. ते पान आजही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. म्हणजे नोंदवही लिहायची सवय बचत गटांपुरतीच नाही.

असो. आमच्या वहीतली पहिली नोंद पडद्याची. तालुक्याच्या ठिकाणच्या एका दुरुस्तीवाल्यानं फोनवरच सांगितलं होतं, मॉनिटर गेला, नवा घ्या. त्यावर एक साधी परीक्षा आहे. कीबोर्डवरचं प्रिंट स्क्रीनचं बटण दाबून चित्र काढायचं आणि ते मोबाइलवर पाठवून बघायचं. मोबाइलवरही पांढरा पट्टा दिसला तर दोष काचेत किंवा वायरीत नाही, आत चित्र तयार होतानाच चुकतंय. आमच्या मोबाइलवर पट्टा दिसला. मॉनिटरचा खर्च तिथंच वाचला.

दुसरी नोंद, बाकीचं काय चालतंय. इंटरनेटचा ब्राउझर ठीक. हिशेबाचा तक्ता ठीक. गाणी, व्हिडिओ ठीक. खोड फक्त टिपांच्या ॲपमध्ये दिसत होती. तिसरी, अक्षरांचा आकार कंट्रोल आणि शून्य दाबून मूळ जागी आणला. काही फरक नाही. पण हे आधी करून बघावंच, कारण पुष्कळदा अक्षरं नकळत मोठी झालेली असतात आणि बटणं पडद्याबाहेर ढकलली जातात.

चौथ्या नोंदीपाशी आम्ही जवळजवळ फसलो असतो. या ॲपना वरून जोडायची लहान लहान पुरवणी साधनं मिळतात, प्लगइन म्हणतात त्यांना. रंगरूप बदलायची थीम मिळते. ती सगळी एकदम बंद करून ॲप उघडायची सोय बहुतेक ॲपमध्ये असते. तसं केलं आणि यादी दिसायला लागली! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लिपिका म्हणाली, थांबा. वहीचा शेवटचा रकाना बघा. नुसतं बंद-चालू केलं तरी पाच मिनिटं चांगलं राहतंच. तेव्हा पाच मिनिटं चांगलं दिसलं याला काही अर्थ नाही. एकाआड एक दिवस येणारा हिवताप असतो ना, मधल्या दिवशी ताप नाही म्हणून रोगी बरा झाला असं कुणी म्हणतं का? आम्ही घड्याळ लावून बसलो. सातव्या मिनिटाला पांढरं. तेव्हापासून ठरवलं, कुठलाही उपाय किमान तासभर टिकला तरच खरा धरायचा. आमच्या मते या सगळ्या खटाटोपात लिपिकेची ही गोष्ट सगळ्यात मोलाची.

प्लगइनवर एक जास्तीचं सांगून ठेवतो, तुमच्याकडे दोष तिथंच निघू शकतो. समजा आठ प्लगइन आहेत आणि सगळी बंद केल्यावर तासभर ठीक राहिलं. तर एकेक चालू करत बसायची गरज नाही. चार चालू करा. खोड आली तर त्या चारांत आहे, नाही आली तर दुसऱ्या चारांत. मग त्या चारांतली दोन, मग एक. तीन खेपांत सापडतं.

पाचवी नोंद दुरुस्तीवाल्याची. तो बुधवारी स्वतः आला, ॲप काढून टाकलं, नवं घातलं, पैसे घेतले, गेला. त्याची गाडी वेशीबाहेर पडते न पडते तोच पट्टा हजर. याचं आम्हाला आधी फार नवल वाटलं. नवं कोरं ॲप, मग जुनी खोड कशी? तर होतं असं, की ॲप काढून टाकलं तरी त्याच्या आवडीनिवडी, म्हणजे खिडकी केवढी, थीम कोणती, काय चालू, काय बंद, हे सगळं विंडोजमध्ये एका वेगळ्या झाकलेल्या फोल्डरमध्ये बहुतेक वेळा तसंच मागं राहतं. नवं ॲप येतं आणि तेच उचलतं. चूल नवी, लाकडं तीच ओली.

तो फोल्डर बघायचा असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबायचं, छोटी चौकट येते. तिथं टक्क्याचं चिन्ह, मग ॲपडेटा हा शब्द इंग्रजीत सलग, मग पुन्हा टक्क्याचं चिन्ह, आणि एंटर. ॲपच्या नावाचा फोल्डर दिसला की तो पुसायचा नाही. ॲप बंद करून फोल्डरच्या नावापुढं 'जुने' एवढं लिहायचं. ॲप पुन्हा उघडलं की ते नवा फोल्डर करतं. काही चुकलं तर नवा काढून जुन्याचं नाव पूर्ववत करता येतं. पण डेटाबेसवाली ॲप कधी कधी टिपासुद्धा अशाच आतल्या फोल्डरमध्ये ठेवतात, म्हणून आधी प्रत, मग हात. आम्ही नाव बदललं, ॲप नव्यासारखं उघडलं, तासभर बसलो. अकराव्या मिनिटाला पांढरं.

त्या रात्री आम्ही वही मिटून घरी गेलो. ॲप नवं, आवडीनिवडी नव्या, मॉनिटर चांगला. उरलं काय?

दुसऱ्या दिवशी सचिवांनी उलटा प्रश्न विचारला. शनिवारी चालत होतं, सोमवारी नाही. मधल्या काळात काय बदललं? आपण काही केलं नाही हे तिघींना पक्कं ठाऊक होतं. पण कॉम्प्युटर स्वतःहून काही करतो का? करतो. विंडोज आपणहून अपडेट घेतं, आणि त्याची नोंदही ठेवतं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, त्यात अपडेट हिस्टरी. तिथं तारखेसकट यादी होती, आणि रविवारच्या तारखेला डिस्प्लेचा ड्रायव्हर नवा आलेला. आमचा कॉम्प्युटर रविवारी चालू होता, कारण अध्यक्षांच्या मुलीनं परीक्षेचा फॉर्म त्यावर भरला.

ड्रायव्हर म्हणजे काय? कॉम्प्युटरमध्ये पडद्यावर चित्र रंगवायचं काम करणारा एक वेगळा भाग असतो, ग्राफिक्स म्हणतात त्याला. विंडोजचं बोलणं त्या भागाला समजावून सांगणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. दुभाषी नवा आला, आणि एका पाहुण्याची बोली त्याला नीट कळेना.

इथं आम्हाला एक जोडबटण फार उपयोगी पडलं. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी, चारही एकदम. विंडोज 10 आणि 11 मध्ये असं दाबलं की पडदा क्षणभर काळा होतो, टुक असा आवाज येतो आणि चित्र रंगवायचं काम पहिल्यापासून सुरू होतं. उघडलेली कामं बंद होत नाहीत. पट्टा पांढरा असतानाच हे दाबलं, आणि ॲप बंद न करता यादी जागेवर आली. पाच मिनिटांनी गेली. पुन्हा दाबलं, पुन्हा आली. म्हणजे माग लागला.

मग ब्राउझर आणि व्हिडिओ कसे ठीक होते? टिपांची पुष्कळ ॲप आतून इलेक्ट्रॉन नावाच्या सांगाड्यावर उभी असतात. गिटहब या कंपनीनं 2013 साली तो आणला, तेव्हा नाव वेगळं होतं. या सांगाड्याच्या पोटात एक अख्खा ब्राउझर असतो, क्रोम ज्यावर बांधलाय तोच क्रोमियम. म्हणजे आपल्याला दिसतं टिपांचं ॲप, आत पान रंगवतोय ब्राउझर. पण प्रत्येक ॲप स्वतःच्या पोटात स्वतःची आवृत्ती घेऊन फिरतं. बाहेरचा ब्राउझर ज्या आवृत्तीचा, आतला त्याच आवृत्तीचा असेल असं नाही. एकाच आईच्या दोन लेकी, एकीला वांगं चालतं, दुसरीच्या अंगावर पित्त उठतं.

हे कळल्यावर उपाय सोपा होता. ॲपच्या सेटिंग्जमध्ये 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' असं एक कळीचं बटण असतं, बहुधा 'ॲडव्हान्स्ड' किंवा 'अपिअरन्स' या भागात. ते चालू असलं की पान रंगवायला ग्राफिक्सची मदत घेतली जाते. बंद केलं की साधा प्रोसेसर रंगवतो. बंद केलं, ॲप पूर्ण बंद करून उघडलं, आणि सकाळी अकरापासून बसलो. बारा वाजले, दोन वाजले, भाकरीच्या ऑर्डरी टाइप करून झाल्या. पाचला कार्यालय बंद करेपर्यंत एकदाही पांढरं झालं नाही.

तरी लिपिकेनं तेवढ्यावर सोडलं नाही. शुक्रवारी सकाळी ते बटण मुद्दाम पुन्हा चालू केलं. सहाव्या मिनिटाला पट्टा. बंद केलं, पट्टा नाही. असं दोन्हीकडून बघितलं तरच खात्री, नाहीतर आपोआप बरं झालेलं दुखणं अंगाऱ्याच्या नावावर जातं.

व्हिडिओ बनवणाऱ्याला किंवा मोठी चित्रं काढणाऱ्याला हे बटण बंद ठेवणं जड जाईल. टिपा लिहिणाऱ्याला फरक कळतसुद्धा नाही. दुसरा रस्ता ड्रायव्हर मागं न्यायचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॅप्टर, त्यात 'रोल बॅक ड्रायव्हर'. आमच्याकडे ते बटण फिकट होतं, म्हणजे जुना ड्रायव्हर मागं ठेवलेला नव्हता. आम्ही तिथं हात घातला नाही. एका ॲपसाठी सगळ्या कॉम्प्युटरचा दुभाषी बदलायचा, आणि मग ठीक चाललेलं दुसरं काही बिघडवून घ्यायचं, यात शहाणपण नाही असं आमचं मत आहे. ज्या ॲपमध्ये सेटिंग्जपर्यंत पोचायलाच पडदा दिसत नाही, तिथं वरचं चार बटणांचं जोडबटण दाबायचं आणि मिळालेल्या पाच मिनिटांत बटण बंद करायचं.

महिन्याच्या बैठकीत वहीची सगळी पानं वाचून दाखवली. खर्च, दुरुस्तीवाल्याला गेले तेवढेच. लिपिकेनं काय दाबलं हे विचारणाऱ्या दोघी त्या दिवशी गप्प होत्या. एकीनं नंतर स्वतःच्या सुनेला कॉम्प्युटर शिकवायला पाठवलं, हे मात्र सांगायला हवं.

शेजारच्या गावातल्या ग्रामसंघाचा प्रकार वेगळा होता, तो थोडक्यात. त्यांचं ॲप उघडायचं, खाली पट्टीवर चिन्ह दिसायचं, पण खिडकीच दिसायची नाही. त्यांनी आधी प्रशिक्षणाला प्रोजेक्टर लावला होता. ॲपची खिडकी प्रोजेक्टरच्या पडद्यावर होती आणि ॲपनं तीच जागा लक्षात ठेवली. प्रोजेक्टर गेला, खिडकी हवेत. विंडोज आणि पी दाबून पहिला पर्याय, 'पीसी स्क्रीन ओन्ली', निवडला. मग ऑल्ट आणि टॅबनं त्या ॲपवर येऊन विंडोज आणि डावा बाण दाबला. खिडकी आली.

एक सावधगिरी सांगायची राहिली. असं काही झालं की घाईघाईत इंटरनेटवर 'कस्टमर केअर नंबर' शोधून फोन लावू नका. तिथं ठग बसलेले असतात. ते गोड बोलतात, एक ॲप घ्यायला सांगतात, आणि तुमचा पडदा त्यांच्या हातात जातो. ग्रामसंघाच्या कॉम्प्युटरवर सभासदांचे आधार क्रमांक, बँक खाती, सगळं असतं. अनोळखी माणसाला पडदा द्यायचा नाही, ओटीपी सांगायचा नाही. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या क्रमांकावर फोन करायचा, जितका लवकर तितकं बरं. आणि मदतीसाठी कुणाला पडद्याचा फोटो पाठवायचा असेल तर आधी नावं आणि आकडे झाका. नुसतं "चालत नाही" लिहून भागत नाही. विंडोज कितवं, ॲपची आवृत्ती कोणती, काय केल्यावर काय दिसलं, किती वेळानं, हे लिहिलं की समजणारं माणूस फोनवरही मदत करू शकतं. आमच्या वहीचं पहिलं पान आम्ही तसंच केलंय.

त्यानंतर त्या ॲपची नवी आवृत्ती दोनदा आली. दोन्ही वेळेला लिपिकेनं प्रत काढून, बटण चालू करून घड्याळ लावलं. पहिल्या खेपेला आठव्या मिनिटाला पट्टा आला. दुसऱ्या खेपेला तास निघाला, दीड तास निघाला, आणि मग वीज गेली. वहीत तसं लिहून ठेवलंय. बटण सध्या बंदच आहे, वीज सलग मिळेल त्या दिवशी पुन्हा बघू.

वहीचे चार रकाने कसे आखायचे ते ज्यांना हवंय त्यांनी बुधवारी दुपारी दोन ते चार या वेळेत ग्रामसंघाच्या कार्यालयात यावं. कॉम्प्युटर घेऊन यायची गरज नाही, पेन ड्राइव्ह मात्र आणा.